वॉलाय आणि सॉगर: वजन आधी, रंग नंतर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लहानपण रायगडच्या खाडीवर गरवण्यात गेलं, आता नोकरीनिमित्त मिनेसोटात, सेंट पॉलला. मागच्या वसंतात रेड विंगजवळ मिसिसिपीवर कधी मित्राच्या बोटीतून, कधी काठावरून बरेचदा गेलात. शेजारच्या बोटींना वॉलाय आणि सॉगर हे गोड्या पाण्यातले शिकारी मासे लागत होते, तुम्हाला जेमतेम एखादा. सामान म्हणजे मीडियम-हेवी रॉड, २० पाउंडी मोनो (एकपदरी नायलॉन) लाइन, १/८ औंसाचे जिग, म्हणजे शिशाच्या डोक्याचे गळ, आणि पेटीभर रंगीत लुअर, म्हणजे कृत्रिम आमिषं. आता विचारताय की कोणता लुअर घ्यावा, कोणता रंग चालतो आणि दोन माशांना वेगवेगळं सामान लागतं का.

नवा लुअर घेऊ नका. वर्णनावरून दिसतं ते असं की तुमचा जिग माशापर्यंत पोचतच नव्हता. हे दोन्ही मासे, विशेषतः गार पाण्यात, तळापासून फूटभराच्या आत असतात आणि आमिषासाठी वर चढायचे कष्ट घेत नाहीत. वीस फूट खोल वाहत्या पाण्यात जाड लाइनवर १/८ औंसाचा जिग सोडला की प्रवाह लाइनला धरून ओढतो, लाइनला झोळ पडतो आणि जिग तळाच्या चार-पाच फूट वरून निघून जातो. तुम्हाला वाटतं आपण तळावर आहोत, आणि मासे सगळे खाली. शेजारच्या बोटीत बहुधा ३/८ औंसाचा जिग आणि बारीक लाइन होती. पेटीतला रंग बदलून हा फरक भरून निघत नाही. माझं सगळं उत्तर याच एका गोष्टीभोवती आहे: आधी वजन, मग जागा, मग चाल, आणि सगळ्यात शेवटी रंग.

आधी मासे नीट ओळखू या, कारण काही पाण्यांत वॉलायला किमान लांबीची अट असते आणि सॉगरला नसते. चुकीचा मासा ठेवला तर दंड होतो. पाठीवरचा पहिला, काट्यांचा पंख उघडून बघा. सॉगरच्या पंखावर काळ्या गोल ठिपक्यांच्या ओळी स्पष्ट दिसतात. वॉलायच्या पंखावर तसे ठिपके नसतात, फक्त मागच्या टोकाला बुडाशी एक काळा डाग असतो. वॉलायच्या शेपटीचं खालचं टोक पांढरं असतं. सॉगरच्या अंगावर तपकिरी गडद पट्टे-धब्बे असतात आणि अंग जरा सडपातळ. दोघांच्या संकरातून होणारा सॉगाय काही नद्यांत आणि जलाशयांत मिळतो; त्याच्यात दोन्हीकडच्या खुणा थोड्या थोड्या येतात. आकाराचं म्हणाल तर १५ ते २० इंची वॉलाय ताटातला, २८ इंचांच्या वरचा आयुष्यभर लक्षात राहणारा. सॉगर बहुतेक १२ ते १६ इंचांत; तीन पाउंडांचा सॉगर म्हणजे खरोखर मोठा.

दोघांच्या डोळ्यांत पडद्यामागे प्रकाश परत फेकणारा एक थर असतो, म्हणून टॉर्च मारली की डोळे चमकतात. त्यामुळे अंधुक प्रकाशात त्यांना दिसतं आणि त्यांच्या भक्ष्याला, म्हणजे यलो पर्च, शायनर, शॅड यांना, तितकंसं दिसत नाही. मासेमारीची वेळ यातूनच ठरते. स्वच्छ तळ्यात वॉलाय पहाटे, संध्याकाळी, रात्री, नाहीतर ढगाळ, वाऱ्याच्या दिवशी खातो. वारा सुटून पाण्यावर लाट उठली की प्रकाश आत कमी शिरतो. अशा वेळी वारा ज्या काठावर आदळतोय त्या काठाला जा, आडोशाच्या काठाला नको. सॉगरमध्ये हा थर आणखी पसरलेला असतो. त्याला गढूळ आणि खोल पाणी मानवतं, आणि म्हणूनच नदीत भर दुपारी वॉलाय थंडावतो तेव्हा सॉगर चालू असतो. मिसिसिपी, मिसुरी, इलिनॉय, ओहायो, टेनेसी या नद्यांमध्ये सॉगर टिकून आहे तो याच जोरावर.

आता जागा. रेड विंगच्या थोडं वर लॉक अँड डॅम क्रमांक ३ हे धरण आहे. तिथून खाली विस्कॉन्सिनमधल्या अल्माच्या धरणापर्यंतच्या पाण्याला पूल ४ म्हणतात आणि लेक पेपिन त्यातच येतं. चिपेवा नदीने आणून टाकलेल्या वाळूने मिसिसिपी तुंबली आणि वर हे मोठं तळं तयार झालं. पेपिनमध्ये पोसलेले मासे थंडी सरता सरता वर सरकतात आणि धरणाशी येऊन अडतात. म्हणून मार्च-एप्रिलमध्ये तिथे बोटींची गर्दी होते. मिनेसोटाच्या आतल्या तळ्यांवर वॉलायचा हंगाम फेब्रुवारीअखेर बंद होतो तो मेमध्ये उघडतो. पण मिनेसोटा-विस्कॉन्सिन सीमेवरच्या या मिसिसिपीवर वर्षभर मुभा आहे. नव्या माणसाने शिकायला याहून चांगली जागा मला माहीत नाही. धरणाच्या अगदी खालचा पट्टा फलक लावून बंद केलेला असतो. तो ओलांडू नका. तिथलं पाणी बोट आत ओढतं.

वॉलाय अंडी घालतो ते पाणी साधारण ४२ ते ५० अंश फॅरनहाइट असताना, सॉगर त्याच्या जरा मागून. नर आधी येतात आणि रेंगाळतात, माद्या येऊन लवकर निघून जातात. तेव्हा मार्चमध्ये ३४-३८ अंशांचं पाणी असताना धरणाखालच्या खोल खड्ड्यांत आणि त्यांच्या उतारावर शोधा. पाणी ४० च्या पुढे गेलं की उथळात, सहा ते पंधरा फुटांत, खडी आणि गोटे असलेल्या जागी शोधा. मासा मुख्य धारेत उभा राहून शक्ती घालवत नाही. वेगवान पाणी आणि संथ पाणी जिथे भेटतं तिथे तो संथ बाजूला उभा असतो आणि वेगवान बाजूने वाहून येणारं खातो. ही हद्द वरून दिसते: फेस, काड्या, पानं यांची एक रेघ पाण्यावर लांबत जाते. पुलाच्या खांबामागे, बेटाच्या खालच्या टोकाला, काठातून पुढे आलेल्या दगडामागे अशी रेघ असतेच. काठावरून गरवणाऱ्याने तर हीच रेघ शोधावी आणि जिग वेगवान बाजूला टाकून संथ बाजूला वाहू द्यावा.

याशिवाय विंग डॅम. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लष्कराच्या इंजिनिअरांनी धार मधोमध वळवून जहाजांसाठी खोली राखायला काठापासून धारेपर्यंत दगड आणि झुडपांच्या मोळ्यांचे बांध घातले. आज ते पाण्याखाली आहेत. जून ते ऑक्टोबर वॉलाय या बांधांच्या वरच्या अंगाला, धार जिथे दगडावर आपटते तिथे, पायथ्याशी असतो. पाणी बांधाला आपटून वर चढून जातं आणि बांधाच्या पुढ्यातच एक संथ जागा तयार होते. नवे लोक बांधाच्या खालच्या अंगाला, भोवऱ्यात टाकत बसतात. तिथे कधीमधी सॉगर लागतो, पण खरी जागा पुढची. बोटीच्या मोटरचा पंखा सांभाळा, पाणी उतरलं की हे दगड फूटभरच खाली असतात.

सामानाकडे येऊ. रॉड सहा फूट तीन इंच ते सात फूट, मीडियम-लाइट किंवा मीडियम, टोक मात्र फास्ट किंवा एक्स्ट्रा-फास्ट. मीडियम-हेवीवर सॉगरची टिचकी हाताला कळतच नाही. रीळ २५०० आकाराचं स्पिनिंग. लाइन १० पाउंडी ब्रेड, म्हणजे विणलेली, तिच्यापुढे तीन-चार फूट ८ पाउंडी फ्लोरोकार्बन लाइन, जोडायला डबल युनी गाठ. ब्रेड बारीक असल्याने प्रवाह तिला कमी धरतो आणि ती ताणत नसल्याने तळाचा कण न् कण हाताला लागतो. फक्त कडाक्याच्या थंडीत ब्रेड पाणी धरते आणि रॉडच्या कड्यांत बर्फ जमतो. तेव्हा ६ किंवा ८ पाउंडी मोनो बरी. वॉलायला सुळे असतात, तरी तारेचा लीडर लावू नका, चावे कमी होतात. आणि खाडीतल्या सवयीने तोंडात अंगठा घालू नका. कल्ल्याच्या झाकणाची धारही कापते.

जिग १/८, १/४, ३/८ आणि १/२ औंस, प्रत्येकी पाच-सहा. प्रवाहात किती वजन लागेल याचं एकच उत्तर आहे: जेवढ्याने तळ स्पष्ट लागतो तेवढं, त्याहून जास्त नाही. दहा फूट संथ पाण्यात १/८ पुरतं. पंधरा-वीस फुटांत १/४ किंवा ३/८. पंचवीसच्या पुढे १/२, पाणी जोरात असेल तर त्याहूनही जास्त. आधी जडच बांधा, तळ हाताला ओळखीचा झाला की एकेक पायरी उतरा. बहुतेक जण उलटं करतात, हलक्यापासून चढत जातात, आणि सकाळचे दोन तास पाण्यात घालवतात.

नदीत उभं जिगिंग कसं करायचं ते नीट सांगतो, कारण निम्मे मासे इथे कमावले किंवा गमावले जातात. बोट प्रवाहाबरोबर, प्रवाहाच्याच वेगाने खाली वाहू द्यायची. पुढच्या इलेक्ट्रिक मोटरचं तोंड वाऱ्याकडे ठेवायचं आणि वारा बोट ढकलेल तेवढंच मोटर मारून परतवायचं. लाइनकडे बघा. ती सरळ खाली असेल तर बोट बरोबर आहे. एका बाजूला झुकली तर लाइन जिकडे जातेय तिकडे बोट न्या, जिग खेचून बोटीखाली आणू नका. वारा जास्त असेल तर उभं जिगिंग सोडा. उगाच झगडू नका.

जिग खाली सोडा. तळाला लागला की लाइन एकदम सैल पडते. लगेच रीळ बंद करा आणि रॉडचं टोक पाण्यापासून फूटभर वर राहील एवढी लाइन ठेवा. आता सहा इंच उचला. मग टोक खाली न्या, पण जिग ज्या वेगाने पडतोय त्याच वेगाने, म्हणजे लाइन ना ताठ ना सैल. तळ लागला की दोन-तीन इंच उचलून दोन सेकंद धरा. पुन्हा तेच. तळाचा स्वभावही हाताला कळतो: खडीवर खरखर, शिंपल्यांवर टकटक, वाळूवर काहीच नाही, चिखलावर जिग रुतून सुटल्यासारखा. खडी आणि वाळू जिथे मिळतात ती जागा जीपीएसवर नोंदवून ठेवा, मासे बहुधा तिथेच परत सापडतात.

चावा बहुतेक जिग पडताना येतो. कधी लाइनमधून स्पष्ट ‘टक’ येतं. पण गार पाण्यात पुष्कळदा टक नसतंच: जिग उचलताना जरासा जड वाटतो, ओलं पान अडकल्यासारखा. किंवा तळ लागायला हवा तेव्हा लागत नाही, कारण मधेच माशाने तोंडात घेतलेला असतो. काहीही वेगळं वाटलं की मनगटाने वर झटका द्या. वाट बघणारा हरतो, कारण वॉलाय पाणी आत ओढून आमिष घेतो आणि शिसं लागलं की तसंच थुंकतो.

आमिष म्हणून वसंतात फॅटहेड किंवा शायनर जातीची मिनो, म्हणजे बोटभर जिवंत मासळी. उभ्या जिगिंगला गळ खालच्या जबड्यातून वरच्या जबड्यात काढा. जिग ओढत न्यायचा असेल तर गळ तोंडातून घालून कल्ल्यातून बाहेर काढा, फिरवा आणि पाठीत रुतवा; मिनोचं डोकं जिगच्या डोक्याला घट्ट चिकटून बसतं आणि सहज सुटत नाही. सॉगर मागून शेपूट तोडून नेतो. तोडलेली मिनो परत आली की स्टिंगर लावा: जिगच्या कड्याला तीन इंच लाइन आणि तिच्या टोकाला १० किंवा १२ नंबरचा छोटा ट्रेबल (तीन टोकांचा गळ), तो मिनोच्या पाठीत हलका टोचलेला किंवा मोकळा लोंबता. काही पाण्यांत ट्रेबलला बंदी असते, ते आधी बघा.

ओढणं म्हणजे ड्रॅगिंग. मोटरवर ताशी अर्धा मैल वेगाने, कधी धारेच्या वर कधी खाली, १/४ औंसाच्या जिगवर चार इंची रिंगवर्म किंवा पॅडलटेल (मऊ प्लास्टिकची आमिषं) लावून बोटीच्या मागे लांबवर तळावरून खेचायचा. हात हलवायचा नाही. पूल ४ वर एप्रिलमध्ये हा प्रकार मिनोइतकाच, कधी जास्त चालतो, आणि प्लास्टिकमुळे आमिषाच्या बादलीची कटकट संपते. केसाचा जिग तर गार पाण्यात मला सगळ्यात विश्वासाचा वाटतो: हरणाच्या शेपटीचे केस जिग स्थिर असतानाही पाण्यात हलत राहतात.

ब्लेड बेट हे दुसरं हत्यार, आणि मराठी मंडळींत फार कमी जण ते वापरताना दिसतात. पातळ धातूचं पातं, पोटाशी शिसं, पाठीवर दोन-तीन भोकं. १/२ औंसाचं घ्या, सोनेरी किंवा चंदेरी. लाइन थेट बांधू नका, भोकाची धार ती कापते. गोल तोंडाचा छोटा स्नॅप, म्हणजे तारेची कडी, लावा. पुढच्या भोकात लावलं तर थरथर बारीक आणि जलद, मागच्या भोकात रुंद आणि सावकाश. तळावर सोडून मनगटाने आठ-दहा इंच उचला, हाताला तीन-चार थरथरी जाणवल्या की पुरे. मग जिगसारखंच, लाइन जवळजवळ ताठ ठेवून खाली. फार उंच उचलू नका. गढूळ पाण्यात जिथे डोळा कमी पडतो तिथे माशाला ही थरथर अंगावरच्या रेषेने कळते. काठावरून गरवणाऱ्यांनी हेच दूर फेकून, तळावर पोचू देऊन, उचल-सोड करत आणावं. दगडात अडकून दोन-चार जातील, तो खर्च धरूनच चला.

खास सॉगरसाठी: खोल जा. डिसेंबर ते मार्च तो २५ ते ४० फुटांच्या खड्ड्यांत असतो, वॉलायच्या खाली किंवा धारेच्या जास्त जवळ. प्रवाह फार असेल तर थ्री-वे रिग: तीन तोंडांच्या स्विव्हलला (फिरत्या कडीला) एकीकडे रीळाची लाइन, दुसरीकडे आठ-दहा इंचांवर एक ते तीन औंसांचं शिसं, तिसरीकडे तीन फुटांच्या लाइनीवर साधा गळ किंवा हलका जिग आणि मिनो. शिसं तळ धरतं, मिनो त्याच्या मागे तळाजवळ पोहत राहते.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. तीस फुटांच्या खालून सॉगर वर ओढला की दाब एकदम उतरतो, आतली हवेची पिशवी फुगते, डोळे बाहेर येतात, पोट तोंडात येतं. असा मासा पाण्यात सोडला तरी पुष्कळदा जगत नाही. वरून ‘सोडून दिला’ म्हणून समाधान होतं आणि खाली तो मरतो. तेव्हा खोल पाण्यात गरवायला बसलात तर जे लागतील ते नियमात बसत असतील तर ठेवा, मर्यादा भरली की गरवणं थांबवा आणि उथळात जा. लहान सोडून देत मोठ्यांची वाट बघत चाळीस फुटांत मासे उपसत बसणं मला अजिबात मान्य नाही.

मे उजाडला की तळी उघडतात आणि पद्धत बदलते. मिल लॅक्ससारख्या तळ्यात सुरुवातीला खडकाळ उथळांवर स्लिप बॉबरखाली (लाइनवर सरकणाऱ्या तरंगत्या बोंडाखाली) जळू. गळ ६ किंवा ८ नंबरचा, जळूच्या चूषकातून, म्हणजे रुंद टोकातून घालायचा, म्हणजे ती पाण्यात फितीसारखी लहरते. आमिषाच्या दुकानातली जळू रक्त पिणारी नसते, घाबरू नका. पाणी पुरेसं तापलं नसेल तर मात्र ती गोळा होऊन बसते. तेव्हा मिनोच वापरा. मिल लॅक्सवर नियम कडक आणि वरचेवर बदलणारे आहेत. जायच्या आठवड्यात वाचून जा.

उन्हाळ्यात लिंडी रिग: पायाच्या आकाराचं सरकतं शिसं, त्यामागे चार ते आठ फूट लाइन आणि गांडूळ किंवा जळू. रीळ उघडं ठेवून लाइन बोटावर धरा. ओढ जाणवली की बोटावरची लाइन सोडा, मासा ती घेऊन जाऊ दे, पाच-दहा सेकंदांनी लाइन ताठ करून झटका. जिगच्या उलट इथे घाई नडते. बॉटम बाउन्सर (तळावर उड्या मारत जाणारं तारेचं शिसं) आणि स्पिनर (फिरत्या पात्याचा लुअर) हे मोठा पट्टा शोधायचं सामान: दर दहा फूट खोलीला एक औंस वजन, वेग ताशी एक मैल, लाइन ४५ अंशांत. स्लो डेथ नावाचा वाकडा गळ अर्धं गांडूळ गरगर फिरवत नेतो आणि ऑगस्टमध्ये सगळं बंद असताना चालतो. ट्रोलिंगचं, म्हणजे चालत्या बोटीमागे लुअर ओढण्याचं, सगळं शास्त्र इथे मांडत नाही. एवढंच लक्षात ठेवा की लेडकोर, म्हणजे आत शिसं असलेल्या, टप्प्याटप्प्याने रंग बदलणाऱ्या लाइनचा एक रंग म्हणजे दहा यार्ड आणि ताशी दोन मैलांच्या आसपासच्या वेगाला तो लुअर साधारण पाच फूट खाली नेतो. माशाच्या खालून लुअर नेण्यापेक्षा जरा वरून नेलेला बरा, कारण गरम पाण्यात वॉलाय वर बघून धावतो.

एरी सरोवराचं जग वेगळं. ओहायो-मिशिगनमधल्या वाचकांना: पश्चिम भाग उथळ, मासे बरेचदा तळ सोडून मधल्या थरात, म्हणून तिथे बोट वाऱ्यावर सोडून वजनदार स्पिनर फेकणं किंवा प्लेनर बोर्डांवर (लाइन बोटीपासून बाजूला नेणाऱ्या फळ्यांवर) क्रँकबेट, म्हणजे माशाच्या आकाराचा पोहणारा लुअर, ओढणं चालतं. मार्च-एप्रिलमध्ये टोलेडोजवळ मॉमी नदीत वॉलाय चढतो तेव्हा लोक वेडर (छातीपर्यंतचे जलरोधक बूट-पँट) घालून कमरेएवढ्या पाण्यात उभे राहतात. शिसं, त्यामागे दोन फूट लीडर, तरंगता जिग आणि ट्विस्टर टेल, म्हणजे वळणदार शेपटीचं प्लास्टिक. तिथे त्या काळात एकच छोटा गळ चालतो, सूर्योदय ते सूर्यास्तच गरवता येतं आणि तोंडात नव्हे तर अंगात गळ लागलेला मासा सोडावाच लागतो. पाय सरकला तर वेडरमध्ये पाणी भरतं. कमरेला पट्टा घट्ट आवळा.

बर्फावरचं थोडक्यात. लेक ऑफ द वूड्सवर दोन भोकं: एकात चमच्याच्या आकाराचा धातूचा लुअर किंवा जिगिंग लुअर, गळाला मिनोचं फक्त डोकं, वरचेवर हलवायचं, दुसऱ्यात जिवंत मिनो, स्थिर. हलणारा लुअर मासा बोलावतो आणि तो कित्येकदा स्थिर मिनोच घेऊन जातो. तिथल्या तपकिरी छटेच्या पाण्यात सोनेरी आणि गुलाबी चमकते रंग चालतात, सॉगर भरपूर. बर्फ निदान चार इंच, स्वच्छ आणि घट्ट असल्याशिवाय पायी जाऊ नका, आणि नदीवरच्या बर्फावर तर माझं मत विचाराल तर जाऊच नका. खाली धार असते.

रंगाबद्दल आता बोलतो. गढूळ पाण्यात पोपटी-पिवळा, नारिंगी. स्वच्छ पाण्यात पांढरा, चंदेरी, जांभळा. ढगाळ दिवशी सोनेरी. तीन रंग ठेवा, दोघे बोटीत असाल तर वेगळे बांधा, एकाला तीन मासे लागले की दुसऱ्यानेही तोच बांधावा. याहून जास्त विचार या विषयावर वाया जातो.

खाण्याचं म्हणाल तर रोहू-कटल्यासारखे मधले बारीक काटे यांत नाहीत. बरगडीचे काढले की फिले (काटे काढलेला तुकडा) जवळजवळ मोकळं. कातडी काढून, हळद-तिखट-मीठ आणि आगळ लावून, रव्यात घोळवून तळा. गालाचे दोन गोळे टाकू नका, सगळ्यात गोड तेच. १५ ते १८ इंचांचे ठेवा. मोठे सोडा, त्या बहुतेक अंड्यांच्या माद्या असतात आणि मोठ्या वयाच्या माशात पाराही जास्त साठतो. गरोदर बायका आणि लहान मुलं असतील तर राज्याच्या आरोग्य खात्याने माशागणिक दिलेलं प्रमाण पाळा. फिले घरी करा, पाण्यावर नको. वनाधिकाऱ्याला लांबी मोजता यायला हवी. धक्क्यावरून निघताना बोटीची बुचं काढून सगळं पाणी सोडा, नाहीतर झेब्रा शिंपले एका तळ्यातून दुसऱ्यात जातात. उरलेली मिनो ठेवायची असेल तर तिचं पाणी बदलून घरून आणलेलं पाणी घाला.

पुढच्या एप्रिलमध्ये जाल तेव्हा आदल्या रात्री रेड विंगची पाणीपातळी आणि तापमान बघा, कॉलव्हिल पार्कच्या धक्क्यावरून निघा, लाइफ जॅकेट घालूनच. ४० अंशांच्या पाण्यात हातपाय काही मिनिटांत काम सोडतात. मालवाहू बार्ज दिसला की वेळेत धारेबाहेर या, त्याला थांबता येत नाही. पाणी चढत असेल तर मासे काठाकडे, बुडालेल्या झाडांच्या आणि गोट्यांच्या जवळ सरकतात. सहा-आठ फुटांत १/८ किंवा १/४ औंसाचा केसाचा जिग फेका. पाणी उतरत असेल तर ते काठ सोडून पहिल्या उताराच्या पायथ्याशी येतात. तिथे ३/८ आणि मिनो घेऊन उभं जिगिंग करा, आणि तासाभरात एकही टिचकी आली नाही तर जिग तोच ठेवून पाच फूट खोल सरका.